टोकाची खुर्ची

आमंत्रणं दोन निघाली.
एक डॉक्टर वाख्तांगना, चांदीच्या कडेचं कार्ड,
घरपोच.
दुसरं आईला, फोनवर, आदल्या संध्याकाळी:
"तुम्हीही या ना, वेळ असेल तर."

वेळ!
चोवीस तासांची ड्यूटी संपवून
ती सकाळी नऊला घरी आली,
पाय कोमट पाण्याच्या टबात, डोळे मिटलेले,
आणि मी तिच्या निळ्या ड्रेसला इस्त्री करत बसले.
त्याला आधीची इस्त्री माझ्या पदवीदानाला झाली होती.

नाव नाझिब्रोला. वय अठ्ठावन्न.
वॉर्डात मात्र सगळे तिला "गोगो" म्हणतात,
म्हणजे पोरी.
कालच रुजू झालेला डॉक्टरसुद्धा,
ज्याला शीर कुठे सापडते ते हिनंच दाखवलं.

आमच्या जिन्यातल्या बायका
रात्री बाराला तिची झोप मोडतात,
इंजेक्शनसाठी, रक्तदाबासाठी, पोराच्या तापासाठी.
पण माझ्या लग्नाच्या बोलणीत
"आई काय करते?"
"नर्स आहे."
"असं होय,"
आणि मग बराच वेळ
कपात आधीच विरघळलेली साखर ढवळण्याचा आवाज.

शाळेच्या फॉर्मवर बाबांनी लिहिलं होतं:
आई वैद्यकीय क्षेत्रात.
खोटं नव्हतं.
तरी शाई वाळेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रुग्ण घरी जाताना डॉक्टरांना कोन्याक मिळतं.
तिला खाटेशेजारच्या कपाटात उरलेली केळी,
अर्धी वडी साबण,
"तुम्हाला होईल उपयोग."
झाला. मी त्या केळ्यांवर वाढले,
आणि ती गोड होती हे नाकारत नाही.

ओतिया एकतीस रात्री तिच्या वॉर्डात होता.
अर्धं अंग गेलेलं, जीभ जड.
एका पहाटे ती दुसऱ्याच खाटेवरची चादर बदलत होती,
पाठ त्याच्याकडे,
आणि तिला त्याचा श्वास वेगळा वाटला.
डॉक्टर घरी झोपले होते. तिनं उठवलं. ते रागावले. मग आले.
त्याच्या कागदांवर टाईप केलेलं मी वाचलंय:
"पहाटे तीन वाजता प्रकृतीत बदल झाल्याचे आढळले."
आढळले.
कोणाला, ते लिहायची पद्धत नाही.
खाली सही डॉक्टरांची, ठसठशीत.

तर रिओनी नदीपलीकडच्या त्या घरात
लांबच लांब मेज, आणि आमच्या खुर्च्या
अगदी टोकाला, स्वयंपाकघराच्या दारात.
प्रत्येक ताट आमच्या डोक्यावरून जायचं.
आई दरवेळी उठून वाट द्यायची,
चौथ्या वेळी तिनं ताट हातातच घेतलं,
पाचव्या वेळी ओतियाच्या सुनेनं
न विचारता रिकामी सुरई तिच्याकडे दिली.
मी तिचा ड्रेस धरून खाली ओढलं.
"बस ना गं," मी दातओठ खाऊन म्हटलं.
"अगं, पोरीचे हात भरलेत," ती म्हणाली.

तमादा उभा राहिला, भरल्या गळ्याचा माणूस.
त्यानं देवासाठी प्याला उचलला, देशासाठी,
गेलेल्या सगळ्यांसाठी,
डॉक्टर वाख्तांगच्या सोन्यासारख्या हातांसाठी,
डॉक्टर वाख्तांगच्या आईसाठी, जिनं असे हात जन्माला घातले,
आणि डोकं स्कॅन करणाऱ्या
त्या जर्मन यंत्रासाठीसुद्धा.
यंत्रासाठी सगळे उभे राहिले.
आईही.

मी चमचा घट्ट धरला. ग्लासवर आपटावा, असं मनात होतं.
बँकेत दिवसभर लोकांशी हुज्जत घालते मी,
इथं हात उचलेना.

तेवढ्यात ओतियानं कोणालाही न सांगता चाकाची खुर्ची
आमच्या टोकाला आणली.
जीभ अजून त्याचं ऐकत नाही.
बाही वर सारून त्यानं मनगट
ब्रेडच्या तुकड्यांमध्ये उताणं ठेवलं,
एकतीस रात्री ठेवायचा तसं.

आईनं हात पुसले. तीन बोटं ठेवली.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलू लागले.
तमादा तिकडे द्राक्षवेलींपर्यंत पोचला होता.
एक पूर्ण मिनिट. तिनं कधी अर्धं मोजून दुप्पट केलं नाही.

"बहात्तर," ती मला म्हणाली.
"आणि ते खारं चीज त्याच्यासमोरून उचल."